विसरलेल्या बंदुकीची जन्मतारीख

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या पूर्व सीमेलगत ग्रेट बेसिन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या ओसाड डोंगराळ मुलखात २०१४ च्या नोव्हेंबरात पुरातत्त्वज्ञ मंडळी पाहणी करीत हिंडत असता, एका ज्युनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली एक बंदूक त्यांच्या दृष्टीस पडली. ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन तिचा लाकडी दस्ता भेगाळून खोडासारखाच करडा झाला होता, नळीवर गंज चढला होता आणि दस्त्याचा तळ काही इंच मातीत रुतला होता. मालक घोटभर पाणी पिऊन येतो म्हणून बाजूला गेला आणि परतलाच नाही, असे पाहणाऱ्यास वाटावे, अशी तिची अवस्था होती.

ही बंदूक कोणाची, हा प्रश्न साहजिकच सर्वांच्या तोंडी आला. परंतु जाणकार त्याआधी दुसरे दोन प्रश्न विचारतो. ती कोणती, आणि कधीची? पहिल्याचे उत्तर फार अवघड नव्हते. चापाभोवतीच्या कडीला जोडलेली तरफ, नळीखाली तिच्याच समांतर जाणारी काडतुसांची नळकांडी आणि यंत्रावर कोरलेली ‘मॉडेल १८७३’ ही अक्षरे, एवढ्यावरून ती कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील विंचेस्टर कारखान्याची, हे ठरले.

या कारखान्याचा धनी ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. त्याच्या पदरी असलेल्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० साली आवर्ती बंदुकीचे पेटंट घेतले. तीत नेल्सन किंग याने बाजूने काडतुसे भरण्याची खिडकी बसविल्यावर, पितळेसारख्या पिवळ्या धातूच्या चौकटीची १८६६ ची बंदूक निघाली, आणि तिच्यामागून लोखंडी चौकटीची १८७३ ची. हिची करामत तरफेत आहे. तरफ खाली ओढली की आतील सांधेदार दांड्या गुडघ्यासारख्या मोडतात, खिटी मागे सरकून रिकामे टोपण बाहेर फेकते आणि घोडा चढवते, तर एक पितळी ठोकळा नळकांडीतले नवे काडतूस वर उचलून धरतो. तरफ परत मिटली की तेच काडतूस नळीत बसते. ज्या काळी पुष्कळ सैनिकांच्या हाती एकबारी बंदुकाच होत्या, त्या काळी चोवीस इंची नळीच्या या रायफलीत पंधरा काडतुसे मावत.

आता दुसरा प्रश्न, कालनिर्णयाचा; आणि नवखा माणूस फसतो तो येथेच. ‘मॉडेल १८७३’ या अक्षरांवरून बंदूक १८७३ साली घडली असे तो मानतो. वस्तुतः तो आकृतीचा जन्मसन आहे, वस्तूचा नव्हे, आणि त्या आकृतीच्या बंदुका विसाव्या शतकातही घडत होत्या. त्यांची एकंदर संख्या सात लाखांवर गेली. दुसरा कोणी नळीवरचा मजकूर वाचतो, तेथे त्याला १८६६ आणि १८६० ही दोन वर्षे दिसतात, आणि आपली बंदूक याहूनही पुरातन आहे अशा भ्रमात तो पडतो. पण त्या तारखा किंगच्या आणि हेन्रीच्या पेटंटांच्या आहेत. तात्पर्य, बंदुकीच्या अंगावर ठळकपणे कोरलेली तीन वर्षे असतात आणि त्यांपैकी एकही तिच्या जन्माचे नसते. जन्माचा खरा धागा तरफेमागे, चौकटीच्या खालच्या शेपटीवर, मुक्यासारखा बसलेला असतो. तो म्हणजे अनुक्रमांक.

तथापि एकट्या क्रमांकावर विसंबणेही बरे नव्हे. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, यंत्रातले सुटे भाग एका बंदुकीतून दुसरीत जातात. म्हणून प्रत्येक खुणेची इतर खुणांशी रुजुवात घालावी लागते. यंत्रावरचे धूळझाकण आरंभीच्या नगांत चौकटीतील खाचांतून सरकत असे, पुढे ते मधल्या पट्टीवर सरकू लागले. आरंभी काडतूस एकाच मापाचे असल्यामुळे माप कोरण्याची गरजच नव्हती. निराळी मापे आल्यावर ते त्या पितळी ठोकळ्याच्या तळाशी कोरले जाऊ लागले. लंबवर्तुळात ‘डब्ल्यू’ आणि ‘पी’ ही अक्षरे असलेला परीक्षेचा शिक्का १९०५ पासूनचा. तो विशी-पंचविशीने जुन्या क्रमांकाच्या बंदुकीच्या नळीवर आढळला, तर ती नळी तिची मूळची नव्हे, असा संशय घेणे भाग आहे.

या सर्वांवर शेवटचा शब्द दफ्तराचा. बखरीपेक्षा अस्सल कागद प्रमाण, हा जो दंडक इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्याकडे घालून दिला, तोच येथेही लागू पडतो. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या खतावण्या वायोमिंगमधील कोडी गावच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. त्यांत क्रमांक केव्हा घातला, बंदूक वखारीत केव्हा जमा झाली आणि तेथून केव्हा रवाना झाली, अशा तारखांची नोंद सापडते. उद्यानातील बंदुकीचा क्रमांक तेथे पडताळला, तेव्हा ती १८८२ साली घडून वखारीबाहेर गेली असे निघाले. त्या एका वर्षात या जातीच्या पंचवीस हजारांहून अधिक बंदुका झाल्या होत्या आणि मूळची पन्नास डॉलरांची किंमत पंचवीसवर उतरली होती. म्हणजे ही कोणा नवाबाची हौस नसून गुराख्याच्या वा खाणकामगाराच्या आवाक्यातली चीज होती. मात्र ती कोणाच्या हाती गेली, याविषयी खतावणी काहीच सांगत नाही.

पुढे कोडी गावातल्याच इस्पितळात तिची क्ष-किरण तपासणी झाली. नळकांडीत व नळीत काही नव्हते. पण दस्त्याच्या तळाशी साफसफाईच्या गजासाठी जी पोकळी असते, तीत एक काडतूस दडलेले निघाले. ते चव्वेचाळीस-चाळीस मापाचे होते आणि त्याच्या बुडावरील शिक्क्यावरून १८८७ ते १९११ या काळातले ठरले. त्या एका काडतुसाने एवढे निश्चित केले की, ती बंदूक १८८७ पूर्वी झाडाशी ठेवलेली नव्हती. निदान पाच वर्षे तरी ती कोणाच्या तरी खांद्यावर होती.

ही शहानिशा केवळ हौशी लोकांची करमणूक नव्हे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यान्वये १८९८ वा त्यापूर्वी घडलेले शस्त्र ‘पुरातन’ गणले जाऊन बऱ्याच निर्बंधांतून सुटते, त्यानंतरचे सुटत नाही. त्यामुळे क्रमांकातल्या काही अंकांच्या फरकाने वस्तूचा दर्जा आणि भाव दोन्ही पालटतात.

कोडीच्या संग्रहालयाने या बंदुकीचा गंज घासला नाही, दस्ता बदलला नाही. मोडकळीला आलेले लाकूड तेवढे आहे तसे घट्ट केले. आपल्याकडेही जुन्या वाड्यांतून आजोबांच्या वेळची, परवान्यावर चाललेली एखादी बंदूक भिंतीवर असते आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी उत्साही नातू तिला चकचकीत करावयास बसतो. त्याला एवढीच विनंती की, पॉलिशकागद हाती घेण्यापूर्वी त्याने नळी, चौकट आणि शेपटी यांवरील प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा वहीत उतरवून घ्यावा, आणि मग तो कागद पुन्हा डब्यात ठेवून द्यावा.