तीन पायांची जुळवाजुळव

बंद पडलेला रिमोट सेल काढून कधी उघडून पाहिलायत? आत एक पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा आणि चिमुकले पार्ट. हीच पीसीबी. हल्ली ती कॉम्प्युटरवर आखतात. त्यासाठीचं ‘ईसिम’ हे सॉफ्टवेअर अंधेरी-घाटकोपरच्या शेजारीच, पवईच्या आयआयटीत तयार झालंय. तिथल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ते सर्वांना फुकट दिलंय. त्यात आकृती काढायला वापरतात ते ‘कीकॅड’ मात्र फ्रान्सचं पाहुणं! झाँ-पिएर शारास यांनी ते १९९२ साली सुरू केलं.

आधी पडद्यावर सर्किटची आकृती काढायची. दातेरी रेघ म्हणजे रेझिस्टर, बाण असलेलं तीन पायांचं चिन्ह म्हणजे ट्रान्झिस्टर. पण चिन्हाला ना लांबी, ना रुंदी! कोण कुणाला जोडलंय एवढंच ते सांगतं. पाटीवर तर खरी भोकं पाडायची असतात. किती, केवढी, किती अंतरावर? हे सांगणारा नकाशा म्हणजे ‘फूटप्रिंट’, त्या पार्टची पाऊलखूण.

गंमत अशी की एकाच चिन्हाच्या पाऊलखुणा अनेक. ५५५ ही आठ पायांची टायमर आयसी घ्या. मोठ्या अवतारात दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. छोट्या, चपट्या अवतारात १.२७, बरोबर निम्मं. आकृतीत दोन्ही सारख्याच! म्हणून कुठली पाऊलखूण हवी ते आपणच नेमून द्यायचं. चुकलं, की पाटी येते सुंदर आणि आयसी बसतच नाही.

ही चूक निदान दिसते तरी. ट्रान्झिस्टरची चूक भारी बनेल. सॉफ्टवेअर फक्त नंबर जुळवतं: चिन्हाचा १ नंबरचा पाय पाऊलखुणेच्या १ नंबरच्या भोकाला. आता बीसी ५४७ हातात धरा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ तसाच धरा, तर एमिटर, बेस, कलेक्टर! दिसायला जुळे भाऊ. भोकांत दोघेही झक्क बसतात. पण आकृतीत एक आणि पाटीवर दुसरा असला, की सोल्डरिंग कितीही सफाईदार असो, दिवा नीट पेटायचा नाही. सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. नंबर जुळले ना! तुम्ही दुकानातून काय आणलंत, ते त्याला बापड्याला काय ठाऊक?

कुठला पाय कुठे, हे पार्टच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये छापलेलं असतं. आमच्या मते तो कंटाळवाणा कागद वाचणं हेच यातलं खरं काम. आकृती काय, कुणीही काढेल.

आणि एक युक्ती. पाटी बनवायला टाकण्याआधी तिचा नकाशा खऱ्या मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, टाचणीने भोकं पाडा आणि पार्ट खोचून बघा. आयसीचे पाय सरळ आत गेले की माप बरोबर. ट्रान्झिस्टर मात्र इथेही फसवतो, बरं का! त्याच्या भोकांशी पेन्सिलीने क, ब, ए लिहून ठेवा आणि डेटाशीटशी ताडून पाहा.