एक गाभा, अनेक यंत्रें

गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं विचारलें कीं, संगणकखोलींतील जुनीं यंत्रें शाळा भंगारांत कां काढीत नाहीं, आणि शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलें त्यांपुढें तासन्‌तास काय करीत बसतात? प्रश्न रास्त होता. सभेंत त्याचें उत्तर धडपणीं देतां आलें नाहीं, म्हणून वार्षिकाच्या या पानांवर तें देण्याचें योजिलें आहे. ज्या विद्यार्थ्यांनीं हें काम स्वतः केलें त्यांना यांत नवें फारसें आढळणार नाहीं. इतरांनीं थोडा धीर धरावा.

आमच्या खोलींत तीन जातींचीं यंत्रें आहेत. कांहीं जुने ३२ बिटांचे संगणक, कांहीं त्यांच्यामागून आलेले ६४ बिटांचे, आणि पोस्टकार्डाहूनहि लहान अशीं दोन रास्पबेरी पाय यंत्रें. तिन्ही जातींवर लिनक्सच चालतें. यंत्र सुरू होतांच स्मृति, तबकडी, पडदा, कळफलक यांचा कारभार जो हातीं घेतो, तो लिनक्सचा गाभा. त्यासच कर्नल म्हणतात. त्याचा मूळ लेख सर्व जगास मोफत उपलब्ध आहे. परंतु मूळ लेख म्हणजे चालता कर्नल नव्हे. तो प्रत्येक जातीच्या यंत्रासाठीं निराळा घडवावा लागतो.

याचें कारण असें कीं, प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरास आपली अशी आज्ञाभाषा असते. इंटेलची भाषा एआरएम् घराण्यास कळत नाहीं. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेचेंच उदाहरण घ्या. तिचा १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्यूटर नांवाच्या प्रोसेसरांवर उभारलेला होता. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर. त्यापुढचा परम पद्म आयबीएम् कंपनीच्या पॉवर ४ वर. आणि २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. सतरा वर्षांत एका संस्थेच्या पदरीं चार यंत्रभाषा आल्या! हे सारे महासंगणक कांहीं लिनक्सवर चालणारे नव्हते. पण यंत्र बदललें कीं त्यावरील सारी घडण पुन्हां तपासावी लागते, हें त्यांवरून दिसतें.

लिनक्सचा जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स हा १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी होता. त्यानें आपला कर्नल इंटेलच्या ३८६ प्रोसेसरासाठीं लिहिला, आणि हा इतर यंत्रांवर नेण्याजोगा नाहीं असें आरंभीं स्वतःच जाहीर केलें. चारच वर्षांत, मार्च १९९५ मध्यें निघालेली १.२ ही आवृत्ति अल्फा, स्पार्क व मिप्स या परक्या घराण्यांतहि नांदूं लागली. मौज अशी कीं, ज्या ३८६ साठीं तो जन्मला, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. पुढें २०१८ सालीं आठ अल्पपरिचित घराणीं एकदम गेलीं, तर त्याच वर्षाच्या जानेवारींत रिस्क-फाइव्ह हें नवें घराणें आंत आलें. मद्रासच्या आय.आय.टी.चा 'शक्ति' प्रोसेसर याच घराण्यांतला.

आतां मुख्य मुद्दा. कर्नल घडविण्यापूर्वीं घडविणारास प्रश्नांची एक भली मोठी यादी सोडवावी लागते. कोणता प्रोसेसर? कोणतें जाळ्याचें कार्ड? तबकडीवरील मांडणी कोणत्या पद्धतीची? असे दहा हजारांहून अधिक प्रश्न मूळ लेखांत आहेत. ते मांडण्याची आजची पद्धत रोमन झिप्पेल यांनीं २००२ सालीं घातली. तिला के-कॉन्फिग म्हणतात. बहुतेक प्रश्नांस 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर असतें. पुष्कळांस तिसरेंहि एक असतें, तें म्हणजे 'सुटा भाग': तो कर्नलांत न मिसळतां तबकडीवर वेगळा ठेवावयाचा आणि लागेल तेव्हां बोलवावयाचा. सारीं उत्तरें 'डॉट कॉन्फिग' नांवाच्या एका साध्या फाइलींत उतरतात. कर्नल बिघडला तर पुन्हां घडवितां येतो. ही फाइल गेली तर महिन्यांची मेहनत गेली.

आमच्या एका विद्यार्थ्यानें जुन्या संगणकासाठीं कर्नल लहान करावा म्हणून तबकडीची मांडणी वाचणारा भागच 'सुटा' केला. यंत्र सुरू केलें तों पडद्यावर घबराटीचा संदेश! तबकडी वाचण्याची विद्या तबकडीवरच ठेविलेली. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटांत ठेवून कपाट बंद केल्याची गत झाली. आरंभींच्या एका लहान पेटाऱ्यांतून असे भाग आधीं पोंचविण्याची सोय लिनक्समध्यें आहे. ती त्यानें केली नव्हती. त्या शनिवारीं सर्व वर्ग पोट धरून हंसला, पण 'सुटा' या शब्दाचा अर्थ जन्मभर विसरणार नाहींत.

एका यंत्राची यादी दुसऱ्यास चालत नाहीं, हें आमच्या जालन्याच्या मुलांस समजावणें सोपें आहे. काळ्या कसदार रानांतील वाण मुरमाड माळावर डोळे मिटून पेरणारा शेतकरी कोणीं पाहिला आहे काय? परंतु म्हणून प्रत्येक यंत्राची संपूर्ण यादी वेगळी जतन करावी, हाहि उपाय नव्हे. एआरएम् घराण्यांत तीच चूक झाली. प्रत्येक पट्टिकेसाठीं पुरी यादी सांठवितां सांठवितां एवढा ढीग झाला कीं, २०१० सालीं टॉर्व्हाल्ड्स यांनीं उघड तक्रार केली. तेव्हां ऊवे क्लाइने-क्योनिग यांनीं एक लहानशी आज्ञावली लिहिली. ती यादींतील एकेक ओळ काढून पाही. ओळ काढूनहि अखेरची यादी तीच निघाली, तर ती ओळ निरर्थक ठरे. या चाळणींतून दोन लक्षांच्या घरांत ओळी गळाल्या! मूळ ठरीव उत्तरांहून जें वेगळें तेवढेंच लिहावें, ही रीत तेथून रूढ झाली. पुढें पट्टिकेचें वर्णन कर्नलांतून काढून निराळ्या फाइलींत ठेवण्याची पद्धति एआरएम्‌मध्यें पसरली, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून एआरएम्‌च्या अनेक पट्टिकांस एकच कर्नल पुरूं लागला.

आमचा मोठा तोटा झाला तो मात्र माझ्या देखरेखींत. रास्पबेरी पायचा कर्नल आम्ही ६४ बिटांच्या इंटेल संगणकावर घडवितों, कारण तो वेगवान आहे. तसें करतांना प्रत्येक आज्ञेंत 'हें एआरएम्‌साठीं' असें सांगावें लागतें. एके दिवशीं नव्या आवृत्तीची यादी जुळवितांना तेवढा शब्द राहिला. यंत्रानें आपल्याच जातीचें काम समजून एआरएम्‌चीं उत्तरें गाळलीं व इंटेलचीं भरलीं; तक्रारीचा एक शब्दहि काढला नाहीं. जुनी फाइल अशा वेळीं एका बाजूस ठेविली जाते. परंतु कांहीं चुकलें असें वाटून मींच तीच आज्ञा दुसऱ्यांदा देण्यास सांगितलें, आणि त्या प्रतीवरहि बोळा फिरला. ज्या मुलानें ती यादी दोन महिने खपून तयार केली, तो शाळा सोडून गेलेला. कोणतें उत्तर कां दिलें, हें कोणासच ठाऊक नव्हतें. पाय यंत्रें पुढचे कित्येक आठवडे पेटींत पडून राहिलीं.

तेव्हांपासून खोलींत एक जाड वही ठेविली आहे. प्रत्येक यंत्राचीं वेगळीं पानें. ठरीव उत्तराहून वेगळें जें दिलें, तेवढेंच तींत लिहावयाचें, आणि शेजारीं कारण, तारीख व नांव. कारणाचा रकाना रिकामा ठेवून कोणीं सही केली तर मी ती खोडतों. ही वही व फाइलींची प्रत मिळून आमचा खरा ठेवा. फाइल काय केलें तें सांगते, कां केलें तें सांगत नाहीं.

आतां भंगाराविषयीं. डेबियन या सुप्रसिद्ध लिनक्स-संचानें ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठीं तयार कर्नल देणें बंद केलें. फेडोरानें तें २०१९ सालींच केलें होतें. म्हणजे शिजलेलें अन्न मिळेनासें झालें, पण शिधा अजून मिळतो. तो शिजविण्याचें काम मुलें शनिवारीं करतात. त्या गृहस्थांचें म्हणणें अगदींच चूक नाहीं: हीं यंत्रें वीज अधिक खातात, मंद आहेत, आणि शिधाहि कधीं तरी बंद होईल. तोंवर मात्र पांचवी-सहावीच्या मुलांस टंकलेखनाला व गणिताला तीं पुरतात. त्यांच्या जागीं नवीं घेण्याइतकी रक्कम शाळेजवळ नाहीं.

मे महिन्यांत नव्या आवृत्तीची जुळणी करावयाची आहे. रास्पबेरी पायचीं पानें नववींतील दोन मुलींनीं पुन्हां पहिल्यापासून लिहून काढिलीं आहेत. ध्वनीचा एक प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. ज्या पालकांस पाहावयाचें असेल त्यांनीं कोणत्याहि शनिवारीं दुपारीं यावें.