हिरवे पाणी आणि जलपिसू

चेन्नईत घराच्या बागेत तळे करणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांचे कौतुक येते आणि दुसऱ्या महिन्यात हिरवे पाणी. या शहरात थंडी अशी पडतच नाही. ऊन बारमाही, आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत. शेवाळाला विसावा घ्यावा लागेल असा ऋतूच येथे नाही. अशा वेळी तळे उपसून पुन्हा भरावे, असे सहज मनात येते. परंतु ज्या शहराचे पुंडी, चोळावरम, रेड हिल्स व चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जून 2019 मध्ये जवळजवळ कोरडे पडले, तेथे हा उपाय शोभत नाही. शिवाय तो टिकतही नाही. तळाशी गाळ राहिला की नवे पाणीही लवकरच हिरवे होते.

शैवालांच्या अभ्यासात या शहराचा मान मोठा आहे. भारतीय शैवालशास्त्राचे जनक मानले जाणारे एम. ओ. पी. अय्यंगार हे मद्रास विद्यापीठाचे. टी. व्ही. देशिकाचारी यांचा नीलहरित शैवालांवरील ग्रंथ 1959 सालचा, तेही याच विद्यापीठातले. मात्र तळ्याच्या धन्याला अधिक जवळचे वाटावे असे काम एस. व्ही. गणपती यांचे आहे. मायक्रोसिस्टिस नावाच्या शैवालाने कायमच्या व्यापलेल्या एका देवळाच्या तलावावर त्यांनी 1940 मध्ये लेख लिहिला, आणि 1943 मध्ये दुसरा लिहिला तो बागेतल्या एका तळ्यावर. या दुसऱ्या पाण्यात विपुल होते ते प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म प्राणी. एका पाण्यात वनस्पतीचे राज्य, दुसऱ्यात तिला खाणाऱ्या प्राण्यांचा सुकाळ!

हे खाणारे प्राणी म्हणजे मुख्यतः जलपिसू. टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहूनही लहान असा हा जीव दिवसभर पाणी गाळीत असतो आणि त्यातील शैवालाच्या पेशी पोटात घालतो. चेन्नईच्या उष्ण पाण्यात यांपैकी मॉइना ही जात चांगली वाढते. पाण्यात जलपिसू पुरेसे असले, तर हिरवेपणा आपोआप उतरतो.

अडचण उभी राहते ती माशांपाशी. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गॅम्ब्यूशिया हा परदेशी मासा 1928 मध्ये भारतात आणला गेला. महाराष्ट्रात गप्पी मासे सोडतात, तोच हेतू. पण या माशाला अळी आणि जलपिसू यांत भेद कळत नाही. कॅलिफोर्नियातील हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दाखवून दिले की गॅम्ब्यूशिया सोडलेल्या पाण्यातील प्राणिप्लवक घटले आणि शैवाल वाढले. हिवतापाच्या भीतीने मासे आणावेत आणि त्यांनीच पाणी हिरवे करावे, असा हा पेच आहे. डासांची धास्ती खोटी नाही. म्हणून मासे मुळीच नकोत असे म्हणणे धाडसाचे होईल. ते मोजके असावेत, शक्यतो डोक्यावर पांढरा ठिपका असलेले स्थानिक लहान मासे असावेत, आणि जलपिसूंना लपण्यासाठी एखादा कोपरा पाणवनस्पतींनी दाट भरलेला असावा. चतुराच्या पाण्यातल्या पिलांनाही डासांच्या अळ्या आवडतात.

माशांना खाऊ घालण्याची हौस मात्र आवरावी. मैलापूरच्या कपालीश्वराच्या तलावात भाविक चुरमुरे टाकतात. घरच्या तळ्यात तोच प्रकार भाताने होतो. न खाल्लेले अन्न कुजते, त्यातून फॉस्फरस सुटतो, आणि फॉस्फरसच्या एका ग्रॅमवर सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ पोसले जाऊ शकते! मोरचूद टाकून शेवाळ मारले, तरी हा फॉस्फरस पाण्यातच राहतो. वर शेवाळाबरोबर जलपिसूही मरतात. निवळीच्या बियांनी गढूळ पाणी निवळते हे दक्षिणेत पूर्वापार ठाऊक आहे, परंतु ती बी माती खाली बसवते, विरघळलेला फॉस्फरस नव्हे.

तो बाहेर काढण्याचे काम कुमुदिनी आणि पाण्याखालील गवते करतात, अट एवढीच की वाढलेली पाने वेळोवेळी छाटून खतात घालावीत. कुमुदिनीच्या पानांनी निम्मे पाणी झाकले गेले, तर उन्हालाही अटकाव होतो. जलपर्णी मात्र आणू नये. ती आवरणे माणसाच्या हाती राहत नाही. तंतूंचे शेवाळ आणि मायक्रोसिस्टिसचे पुंजके जलपिसूंनाही फारसे खाता येत नाहीत. त्यांपैकी तंतू काठीला गुंडाळून हातानेच काढावे लागतात. आठवड्याला दोनचार बादल्या हिरवे पाणी जास्वंदीच्या मुळाशी घालावे; झाडाला तेच खत होते. तेवढेच ताजे पाणी तळ्यात ओतायचे, पण नळाचे असेल तर एक दिवस उघड्या पिंपात ठेवून, कारण जलपिसूंना क्लोरीन सोसत नाही.