पाच टनांचा नियम आणि बारा व्होल्टचे दिवे

लातूरला रेल्वे आली ती अरुंद रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. कॅलथ्रॉपचा हट्ट एकच होता. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार यायचा नाही. भार असा वाटला गेला म्हणून हलके, स्वस्त रूळ पुरले.

२००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. ती छोटी गाडी आता मॉडेलमध्येच धावू शकते, आणि त्यासाठी मापे छान जुळतात. १:८७ या एचओ प्रमाणात ७६२ मिलिमीटरचा गेज पावणेनऊ मिलिमीटर होतो. बाजारातला नऊ मिलिमीटरचा एन गेज रूळ त्याला चालतो. नांदेडवरून जाणारी निजामाच्या काळातली मीटरगेज याच हिशेबाने साडेअकरा मिलिमीटर होते, बारा मिलिमीटरच्या रुळावर बसते. आजची ब्रॉडगेज मात्र एकोणीस मिलिमीटरच्या वर जाते आणि सर्रास मिळणारा एचओ रूळ असतो १६.५चा. मराठवाड्यातल्या हौशी माणसाने जुन्या गाड्यांपासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

गाडी धावू लागली की फलाटावरचे दिवे, सिग्नल, सांधे हवेसे वाटतात, आणि खरी परीक्षा फळीच्या खाली सुरू होते. गाडीच्याच कंट्रोलरवरून दिवे जोडण्याचा मोह होतो. साध्या डीसी मांडणीत वेग कमी केला की रुळातले व्होल्टेज उतरते आणि स्टेशन अंधारते. सांधा बदलला की गाडी दचकते. खऱ्या रेल्वेत हे खाते वेगळेच असते: इंजिनाला वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट, सांध्याच्या मोटारीला ११० व्होल्ट डीसी, सिग्नलच्या रिलेंना २४. मॉडेलवरही दिव्यांसाठी बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा (एसएमपीएस) घ्यावा.

आता वायर. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०३५ ओहम. पाच मीटर जाऊन-येऊन दहा मीटर झाली, म्हणजे ०.३५ ओहम. दोन अॅम्पिअर ओढले की ०.७ व्होल्ट वाटेतच गेले आणि शेवटच्या फलाटाचे दिवे फिके पडले. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट पाव व्होल्टवर येते. म्हणून फळीखालून जाड वायरीची एक मुख्य जोडी न्यावी आणि जागोजागी टर्मिनल पट्टीवरून बारीक फाटे काढावेत. मांडणी मोठी असेल तर पुरवठा मधोमध ठेवावा, लातूरच्या गंजगोलाई चौकातून सोळा रस्ते फुटतात तसा. कुठलाच फाटा फार लांब जात नाही.

पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. उरलेले नऊ रोधकाने खायचे: एक किलोओहम लावला की नऊ मिलिअॅम्पिअर वाहतात. फलाटावरच्या दिव्याला तेवढाही प्रकाश जास्त वाटतो. मग रोधक वाढवावा. असे पन्नास दिवे अर्धा अॅम्पिअरसुद्धा खात नाहीत. कॉइलवाला सांधा मात्र क्षणभर कित्येक अॅम्पिअर ओढतो. त्याला कपॅसिटरमध्ये साठवलेला झटका द्यावा आणि बटण अडकले तरी कॉइल जळणार नाही अशी सोय करावी. झटका देणारे हे कपॅसिटरचे युनिट दिव्यांच्या पुरवठ्यावर टाकू नये, त्याला स्वतंत्र पुरवठा द्यावा.

दिवे, सिग्नल आणि गाड्या एकत्र नांदताना पाहायचे असतील तर पुण्याला कोथरूडमध्ये जावे. भाऊ जोशींनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ पासून तिथे आहे. गाड्यांकडे पाहून झाले की रस्त्यावरच्या दिव्यांकडेही नीट पाहावे; त्या एकेका दिव्यामागे कुणीतरी वायर ओढली आहे.

फ्यूजकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि मला काळजी वाटते ती तिथेच. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण दहा अॅम्पिअरचा पुरवठा शॉर्ट झाला तर बारीक वायरीचे आवरण वितळते आणि वर लाकूड, कागदाची घरे असतात. प्रत्येक फाट्याला, मुख्य वायरीपासून निघतो तिथेच, एक अॅम्पिअरचा फ्यूज बसवावा. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या जोडण्या बंद डब्यात असाव्यात, आणि ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.