लेकरांना हसवणारी पुस्तके निवडताना

नगरच्या एका वस्तीत आम्ही दुपारी गेलो होतो. विड्या वळणारी एक आजी सूप बाजूला सारून बसली होती. चार वर्षांचा नातू पुढ्यात पुस्तक उघडून बसला होता. आजीला अक्षरओळख नाही. चित्र पाहून ती मनाने गोष्ट रचत होती. मध्येच नातवाने तिला थांबवले, "अगं आजे, वाघ आत्ता नाही यायचा! तो पुढच्या पानावर आहे." आजी पदर तोंडाला लावून हसली. आम्हालाही हसू आवरले नाही. परतताना मात्र मनात आले, आपल्या किती घरांत असे एक तरी पुस्तक असेल?

आपला समाज पुस्तकांना परका नाही. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलभोवती केवढी गर्दी असते! रोज बुडवून गेलेला मजूरही पिशवीत एखादे पुस्तक घालून परततो. पण त्या पिशवीत तीन वर्षांच्या लेकरासाठी काय असते? फार तर अंकलिपी.

हे आम्ही कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्या पिढीच्या लहानपणी आपल्या घरांत रंगीत चित्रांचे पुस्तक कुठून असणार? शिक्षण झगडून मिळवावे लागले. त्यामुळे "खिदळण्याची पुस्तके कशाला, पाढे पाठ कर" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते.

आम्हाला मात्र उलटे वाटते. ज्या मुलाने घरी पुस्तकाशी खेळ केला, त्याला शाळेतले पुस्तक ओळखीचे वाटते. पान कसे उलटायचे, गोष्ट पुढे कशी सरकते, चित्राखालच्या काळ्या खुणा काहीतरी सांगतात, हे त्याला आधीच कळलेले असते. ज्याने पुस्तकाबरोबर फक्त धाकच पाहिला, त्याला पुस्तक म्हणजे छडीचे भावंड वाटते. शिवाय हसायलाही डोके लागते. हत्ती झाडावर बसलेला पाहून मूल हसते, कारण हत्ती झाडावर बसत नाही हे त्याला ठाऊक असते. 'असे का? तसे का नाही?' हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

काही बांधव म्हणतात, आपण विज्ञानवादी माणसे, बोलणारे प्राणी आपल्याला कशाला? त्यांना आम्ही जातककथांची आठवण देतो. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. हंसांनी धरलेली काठी तोंडात पकडून उडणारे आणि तोंड उघडताच खाली पडणारे ते बडबडे कासव त्यातलेच. गंमत कोणती आणि खरे काय, हे लेकरांना समजते. भुताची भीती घालणारे, नवसाने सारे मिळते असे सांगणारे पुस्तक दूर ठेवावे. कल्पनेला मात्र दार बंद करू नये.

पुस्तक निवडायचे कसे? आधी शब्द झाकून नुसती चित्रे पाहा. चित्रांवरून गोष्ट सांगता आली, तर ते पुस्तक आजीच्याही कामाचे. मग एक पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळत असेल, भाषा जड असेल, तर ठेवून द्या. तुम्हाला स्वतःला हसू येते का ते पाहा. मोठ्या माणसाला कंटाळा आला, तर लेकरूही उठून जाईल. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन ओळी पुरतात. शेवटी 'तात्पर्य' चिकटवलेले असेल, तर तेवढे वाचू नका.

सर्वांत महत्त्वाचे, पुस्तक कुणाला हसते ते पाहा. काळा रंग, जाड अंग, तोतरे बोलणे, फाटके कपडे किंवा कुणाचा धंदा यांवर विनोद असेल, तर तो विनोद नव्हे. ते हसणे कसे असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साधी माणसे, छोटी घरे, काम करणारे आईबाप चित्रांत दिसतात का, तेही पाहावे. सगळ्याच पुस्तकांत बंगला आणि बाग असेल, तर आपले लेकरू त्यात स्वतःला कुठे शोधणार?

चांगली पुस्तके मराठीत आहेत. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रेही काढतात. बालसाहित्यासाठी त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या त्यांच्या 'राधाचं घर'मध्ये एक चिमुरडी घरातल्या माणसांची ओळख करून देते. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला आहे. तीत मिकी पटेल यांची रूपा हत्तीण भेटते. तिला आपल्या करड्या रंगाचा कंटाळा येतो आणि ती रंगीबेरंगी होऊ पाहते. आपल्या रंगावरून बोल ऐकलेल्या लेकराशी या गोष्टीवर पुष्कळ बोलता येईल. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सच्या पुस्तकांत शृंगेरी श्रीनिवास नावाचा शेतकरी आहे. त्याचे लांब केस कापायला कुणालाच वेळ नसतो. शेवटी हे काम वाघाच्या गुहेत कसे उरकते, ते आम्ही सांगणार नाही!

यांतली कित्येक पुस्तके शंभर रुपयांच्या आत मिळतात. प्रथमच्या 'स्टोरीवीव्हर'वर मोबाइलवर फुकट वाचता येतात. पण जमेल तेव्हा कागदाचेच पुस्तक हातात द्यावे. ते फाटले तरी चालेल. चिकटवता येते. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचे आहे. तिथे किंवा गावच्या वाचनालयात लहान मुलांचे कपाट आहे का, असे आपण जाऊन विचारले पाहिजे. मागणी नसेल, तर पुस्तके येणार कशी?

विहारात एक पेटी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. दहा घरांनी एकेक पुस्तक आणले, तर प्रत्येक लेकराला दहा पुस्तके वाचायला मिळतील. रविवारी वंदनेनंतर एखाद्या ताईने किंवा दादाने अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावे. आणि पाथर्डी-शेवगावकडची जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, त्यांच्या बोचक्यात भांडी, गोधडी आणि कोयत्याबरोबर त्या पेटीतले एक पातळ पुस्तक जाऊ द्यावे. थळात कोपीपुढे चूल पेटली की त्या उजेडात आईबापांनी लेकराला मांडीवर घ्यावे. वाचता येत नसेल, तर वाघ कोणत्या पानावर आहे ते लेकरूच सांगेल.