परसातील कोंबड्या : पिल्लांआधी लसीची सोय

कळवण तालुक्यात घरामागे कोंबड्या पाळणे नवे नाही. पण राणीखेत, म्हणजेच मानमोडी, आली की काही दिवसांत खुराडे रिकामे होते. या रोगावर औषध नाही. लस हाच उपाय. म्हणून नवशिक्याने दहा-बारा पिल्लांपासूनच सुरुवात करावी. गावठी किंवा हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेली वनराजा जात परसात तग धरते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब द्यावी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात टाकावा. सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी टोचून घ्यावी. लस बर्फातूनच आणावी. कुपी अनेक पक्ष्यांना पुरते; तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. खर्च वाटला जातो, रोग शेजारून येण्याची शक्यताही कमी होते.