नशा हराम आहे, पण मुलगा आपला आहे

गांजा कायदेशीर करावा का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत संसदेपर्यंत आणि टीव्हीवरच्या चर्चांपर्यंत पोचला आहे. आपल्या मालेगावच्या घरांत मात्र तो कोणी विचारत नाही. "हराम आहे, विषय संपला," असे म्हणून आपण मोकळे होतो. दीनच्या बाजूने विषय खरोखरच संपलेला आहे. पण ज्या घरातला मुलगा पाळी संपवून लूमवरून येतो तो धड बोलण्याच्या अवस्थेत नसतो, आणि पोलिसांना कळेल या भीतीने ज्या घरातली अम्मी त्याला डॉक्टरकडे न्यायला घाबरते, त्या घरासाठी विषय तिथूनच सुरू होतो. कायदा त्या मुलाला काय समजतो, गुन्हेगार की आजारी? आणि समाज म्हणून आपण कोणता कायदा मागायचा?

परवान्याच्या दुकानापासून तुरुंगापर्यंत

आज जो कायदा आहे तो फार जुना नाही. इंग्रजांच्या काळात गांजा सरकारी परवान्याच्या दुकानांत विकला जाई आणि सरकार त्यावर कर घेई. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली निष्कर्ष दिला की बेताच्या सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवान्याने आळा घालणे बरे. अर्थात, त्या सरकारचे लक्ष महसुलावरही होते हे विसरून चालणार नाही.

पुढे १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अंमली पदार्थांविषयीचा करार झाला. औषधाव्यतिरिक्त गांजाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत त्यात होती. ती संपत आली तेव्हा १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. झाडाची राळ म्हणजे चरस आणि फुलांचे शेंडे म्हणजे गांजा, हे दोन्ही त्यात आले. नुसती पाने त्यातून वगळली, म्हणून काही राज्यांत भांग आजही परवान्याने विकली जाते. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि फुलाला तुरुंग, असा हा कायदा आहे.

सुरुवातीला शिक्षा इतक्या कडक होत्या की थोडासा माल बाळगणारा आणि पोत्याने विकणारा यांत फारसा फरक उरत नव्हता. २००१ साली दुरुस्ती होऊन प्रमाणानुसार शिक्षा ठरल्या. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोहून जास्त असेल तर ते व्यापारी प्रमाण. शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस. नुसते सेवन केले तरी कलम २७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गांजाची चर्चा, गोळीचे वास्तव

मालेगावात मात्र नशा फक्त गांजाची नाही. आपल्या गल्ल्यांत "कुत्ता गोली" हे नाव लहान पोरांनाही माहीत आहे. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलम, घबराट आणि अस्वस्थता यांवर डॉक्टर देतात ते औषध. तिच्या जोडीला कोडीन असलेले खोकल्याचे औषध. बारा तासांची पाळी, कानात बसलेला लूमचा खडखडाट, अपुरी झोप, तुटपुंजी मजुरी आणि शुक्रवारच्या सुट्टीला जायला कट्ट्याखेरीज जागा नाही. अशा आयुष्यात स्वस्त गोळी सहज शिरते. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही, म्हणून घरच्यांना कळायलाही उशीर होतो.

हे फक्त आपल्या शहराचे दुखणे नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेच्या वा गुंगीच्या गोळ्या नशेसाठी घेतात.

इथे पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अल्प्राझोलमही एनडीपीएस कायद्याखालीच येते. तिचे अल्प प्रमाण पाच ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण शंभर ग्रॅम. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅमच असते, मग एवढे वजन होणार कसे, असे वाटेल. पण एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भेसळीचे किंवा मिश्रणाचे पूर्ण वजन धरायचे, फक्त शुद्ध औषधाचे नाही. एका गोळीचे वजन शंभर मिलिग्रॅम धरले तर पन्नास गोळ्यांतच पाच ग्रॅम होतात आणि हजार गोळ्यांत शंभर ग्रॅम. चार पैशांसाठी दुसऱ्याची पिशवी पोचवणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा अशा रीतीने दहा वर्षांच्या कलमात जाऊन बसतो. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ लागते आणि आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीन होत नाही.

जामीन अवघड असलेला कायदा म्हणजे काय, हे मालेगावला कोणी शिकवायला नको. २००६ च्या बॉम्बस्फोटानंतर पकडलेल्या नऊ जणांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोणी परत दिली नाहीत. तो खटला वेगळा, कायदाही वेगळा. पण कायदा कडक आणि तपास ढिला असला की काय होते, हे तिथे दिसले. अंमली पदार्थांच्या कायद्यातही ते दिसले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानला अटक झाली. जामिनासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मे २०२२ मध्ये आरोपपत्र आले तेव्हा पुरेसा पुरावा नसल्याने त्यात त्याचे नाव नव्हते. त्याच्या पाठीशी देशातले नामांकित वकील होते. लूम कामगाराच्या मुलापाठी कोण असते?

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ मधील मुंबईच्या न्यायालयांतील प्रकरणे अभ्यासली. त्यांत बहुतेक खटले वैयक्तिक सेवनाचे होते, त्यातही गांजाचे, आणि आरोपींत झोपडपट्टीतली व फुटपाथवरची, अंगमेहनत करणारी माणसे सर्वाधिक होती.

राजकारण कुठवर आले?

बदलाची भाषा वेगवेगळ्या बाजूंनी होते. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ साली कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक तयार केले. गांजा-अफूवरच्या सरसकट बंदीमुळे लोक अधिक घातक रासायनिक नशेकडे गेले, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिले. त्याच सुमारास गोव्यात औषधासाठी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव विधी खात्यापर्यंत गेला, विरोध झाला आणि तो बारगळला. २०२१ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे न्यावे अशी सूचना केल्याच्या बातम्या आल्या. त्या डिसेंबरात संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केलीही, पण ती आधीच्या दुरुस्तीतली लिखाणाची चूक सुधारण्यापुरती होती.

परदेशाकडे पाहिले तर दोन्ही प्रकारचे धडे मिळतात. कॅनडाने २०१८ साली गांजाची विक्री कायदेशीर केली. थायलंडने २०२२ साली नीट नियम न करताच बंदी उठवली, गल्लोगल्ली दुकाने झाली, आणि २०२५ साली पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. पोर्तुगालने २००१ साली तिसरी वाट धरली. तिथे विक्री गुन्हाच राहिली, पण स्वतःपुरता थोडा माल सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी समितीपुढे नेले जाते आणि उपचाराची गरज असेल तर तिकडे पाठवले जाते.

हराम आणि तुरुंग

"शिक्षा कमी करा म्हणणे म्हणजे हरामला हलाल म्हणणे नाही का?" असे काही जण विचारतील. शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. नशा आणणाऱ्या वस्तू हराम, यावर आलिमांमध्ये मतभेद नाही. पण चरस-गांजा घेणाऱ्याला शिक्षा कोणती, यावर जुन्या काळापासून मतभेद आहे. इब्न तैमिया यांनी दारूसारखीच ठरलेली शिक्षा मानली. मालिकी विद्वान अल-कराफी यांनी ती काझीच्या विवेकावर सोडली. म्हणजे पाप ठरवणे आणि दंड ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या फिक्हला सातशे वर्षांपूर्वीही ठाऊक होते. दारूबंदीही एका दिवसात आली नाही. कुरआनने टप्प्याटप्प्याने माणसे तयार केली. आणि वारंवार दारू पिऊन शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अडवले, ही हदीस बुखारीत आहे.

म्हणून गांजाची दुकाने उघडा, ही आपली मागणी असू शकत नाही. विकणाऱ्यावर कायदा कडकच हवा. पण जो त्यात अडकला आहे त्याला उपचाराची वाट हवी.

वाट आजही आहे

ही वाट कायद्यात आधीच आहे, फक्त फार थोड्यांना माहीत आहे. कलम ६४-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. या तीन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असल्या पाहिजेत.

घरच्यांनी आणखी काही लक्षात ठेवावे. मुलगा बराच काळ अल्प्राझोलम घेत असेल तर ती एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात आणि जीवही धोक्यात येतो. कोंडून ठेवणे, मारणे, कोणाच्या सांगण्यावरून साखळीने बांधणे हे उपचार नव्हेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू कमी करावी लागते. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. माल विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३ हा क्रमांक आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आजही काम करते आहे. व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवले तर तो परत येतो, हे तिथे दिसते.

काही कामे मात्र मालेगावलाच करावी लागतील. अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही, आणि मेडिकलवाल्याला डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. ही रजिस्टरे नियमित तपासली जावीत, हा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरता येतो. महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी व्यसनमुक्तीची ओपीडी मागता येते. लूम मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांना पाळीच्या तासांवर बोलता येते. मौलाना साहेबांनी जुम्माच्या बयानात नशेच्या गुनाहबरोबर उपचाराची वाटही सांगितली तर ती बऱ्याच घरांत पोचेल.

दिल्लीतला कायदा कधी बदलेल तो बदलेल. तोवर कुणा अम्मीने शेजारणीला हळूच विचारले की पोराला कुठे न्यायचे, तर शेजारणीला उत्तर माहीत असले पाहिजे.